नंदादीपाशेजारची पणती

शारदीय नवरात्रात ज्या घरी अखंड नंदादीप तेवतो, त्या घरच्या गृहिणीला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. वातीवरची काजळी झाडण्यापूर्वी ती त्याच ज्योतीवर एक लहान पणती लावून घेते आणि मगच समईला हात लावते. चुकून ज्योत शांत झालीच, तर तोच अग्नी शेजारी जागा असतो. दिव्याच्या बाबतीत एवढी दक्षता बाळगणारी आमची घरे त्याच देवघरात वाजणाऱ्या नव्या ध्वनियंत्राच्या बाबतीत मात्र विलक्षण निर्धास्त असतात.

हे यंत्र म्हणजे हाकेसरशी गाणारा स्पीकर. २०१७ मध्ये ‘ॲमेझॉन’चा ‘इको’ आणि २०१८ मध्ये ‘गूगल होम’ भारतात विक्रीस आले, आणि पाहता पाहता करवीरनगरीतील पेठापेठांतून त्यांना हाका ऐकू येऊ लागल्या. ज्यांची दृष्टी मंदावली आहे, ज्यांच्या बोटांना कंप आहे, अशा वृद्धांना तर हे यंत्र वरदानच वाटते. कळ शोधावी लागत नाही. स्तोत्राचे नाव घ्यावे, स्तोत्र सुरू होते.

पण ते गाते कोठून, याचा विचार आपण सहसा करीत नाही. डबीच्या पोटात स्तोत्र नसतेच. आपली हाक इंटरनेटच्या मार्गाने दूरच्या संगणकांकडे जाते, तेथे तिचा अर्थ लावला जातो आणि मग गाणे त्याच वाटेने घरी येते. यांतील बहुतेक यंत्रांना स्वतःची बॅटरी नसते, राऊटरलाही नसते. म्हणजे वीज गेली की गळा आणि वाट दोन्ही एकदमच बंद. आरतीच्या वेळी झांज आणि घंटा यांच्या कल्लोळात त्याला आपली हाक ऐकू येत नाही, हा आणखी एक गमतीचा भाग!

मंगळवार पेठेतील आमच्या परिचयाच्या घरी जे घडले, ते मात्र गमतीचे नव्हते. नवरात्रातील सायंकाळ, परतीचा पाऊस जोरात, सून अद्याप कामावरून परतलेली नाही. आजी सांजवात करून महालक्ष्म्यष्टक ऐकण्यासाठी देवघरासमोर बसल्या आणि वीज गेली. आजींनी तीन-चारदा हाक मारली. यंत्र मुके. तेव्हा त्यांनी हात जोडून स्वतःच म्हणावयास आरंभ केला आणि सहाव्या श्लोकापाशी त्या थांबल्या. लहानपणापासून मुखोद्गत असलेले स्तोत्र. परंतु दोन वर्षे ते नुसते ऐकले होते, म्हटले नव्हते. सून आली तेव्हा आजी नंदादीपाच्या उजेडात मुकाट बसल्या होत्या. अंधाराची भीती वाटली नाही, असे त्या आम्हांस म्हणाल्या. आठवेना, याची वाटली.

कोल्हापूरकरांना अशा प्रसंगांचे नवल वाटण्याचे कारण नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले, वीज उपकेंद्रांत पाणी शिरले, आणि कित्येक वस्त्यांत अंधार झाला. त्या दिवसांत ज्यांच्या घरी सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर होता, तेच घर बोलते राहिले असणार. आमच्या बालपणीचा चावीचा ग्रामोफोन आठवावा: त्याला ना वीज लागे, ना सेल.

मग उपाय काय? पहिला राऊटरचा. बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी तळहाताएवढे छोटे यूपीएस मिळते, ते तीन-चार तास निभावते. सप्तशतीच्या तेरा अध्यायांचा पाठही तेवढ्यात होतो. स्पीकरचा प्रश्न वेगळा. काही लहान स्पीकर ५ व्होल्टवर चालतात, त्यांना मोबाइलची पॉवर बँक पुरते. काहींना अधिक व्होल्ट लागतात. ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत आकडा छापलेला असतो, तो वाचावा. अंदाजाने काही जोडू नये. इन्व्हर्टर असलेल्या घरीही एक खोड आढळते. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईतो जो निमिषमात्र खंड पडतो, तेवढ्याने राऊटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटे शांतता राहते. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’चे बटण असल्यास ते त्या बाजूस ठेवावे.

एवढे करूनही बाहेरची तारच तुटली, तर सारे व्यर्थ. म्हणून आमचा कौल अगदी साध्या वस्तूला आहे: स्वतःची बॅटरी आणि मेमरी कार्ड असलेला लहान स्पीकर. २०१७ मध्ये निघालेल्या ‘सारेगामा कारवां’त पाच हजार गाणी आतच भरून ठेवलेली होती, त्यामागील तत्त्व तेच. मात्र अशी वस्तू कपाटात वर्षभर पडून राहिली तर ऐन वेळी दगा देते. महिन्यातून एकदा चार्ज करावी आणि एखादे गाणे वाजवून पाहावे.

मंगळवार पेठेतील घरी यंदा अशीच एक डबी आणली आहे. चालू करण्याच्या कळेवर सुनेने टिकली चिकटविली आहे, म्हणजे आजींच्या बोटाला ती अंधारातही सापडते. कार्डावर गायकांची स्तोत्रे आहेतच; पण पहिले महालक्ष्म्यष्टक आजींच्याच आवाजात आहे. नातवाने ते मोबाइलवर मुद्रित केले, नात पोथी घेऊन शेजारी बसली होती. सहाव्या श्लोकापाशी ध्वनिमुद्रणात क्षणभर शांतता आहे, आणि मग नातीने हळूच सांगितलेला एक शब्द ऐकू येतो. “आज्जी, एवढं पुसून टाकता येतं,” नातू म्हणाला. आजींनी त्याला हात लावू दिला नाही.