एकच विक्रेता आणि एक मोकळी ओळ

सेवेत असताना एका वैज्ञानिक संस्थेच्या खरेदीची फाइल माझ्यापुढे आली होती. अतिसंवेदनशील मापनयंत्र, परदेशी उत्पादक आणि एकच निविदा. मागितलेले तांत्रिक निकष उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी दशांशापर्यंत जुळत होते. एवढ्या अचूकतेची गरज का, असे मी विचारले. उत्तर आले, ‘मोसम निघून जाईल.’ मी सही केली. तीन वर्षांनी ते यंत्र अंशशोधनाअभावी झाकून ठेवलेले दिसले. ते परदेशी पाठवण्याची तरतूद करारात कोणीच केली नव्हती.

एकल निविदा हा मुळात गैरव्यवहार नव्हे. सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नियम 166 तिला तीन प्रसंगी मुभा देतो : उत्पादक एकच असल्याचे ज्ञात असणे, तातडीची निकड आणि जुन्या यंत्रसामग्रीशी सुसंगती. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तीन वर्षांच्या आत हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये इशारा केंद्र उभे राहिले. समुद्रतळावरील पाण्याच्या दाबातील सूक्ष्म बदल टिपणारे संवेदक बनवणारे जगात मोजकेच आहेत. अशा ठिकाणी सर्वांत कमी दराचा आग्रह घातक ठरू शकतो.

याच जाणिवेतून जून 2025 मध्ये केंद्राने संशोधन संस्थांना सवलती दिल्या. निविदेविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपये झाली आणि 200 कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मान्यता देण्याचा अधिकार कुलगुरू व संचालकांकडे आला. हे स्वागतार्हच आहे. पण अधिकार वाढला की उत्तरदायित्वही वाढते.

इतिहास येथे मार्ग दाखवतो. दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी विल्यम लॅम्बटन यांनी लंडनच्या कॅरी यांचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट आणला. 1808 मध्ये तंजावरला मंदिरावर चढवताना तो आदळला. त्या तोडीचे दुसरे यंत्र हाताशी नव्हते. लॅम्बटन यांनी अनेक आठवडे खपून तो स्वतः दुरुस्त केला. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी सर्वेक्षणाची यंत्रे सांभाळली, दुरुस्त केली. यंत्र विलायती होते. त्याचे ज्ञान मात्र येथे रुजले.

नियम 166 खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात ‘अन्य कोणतेही उत्पादन पुढील कारणांस्तव स्वीकारार्ह नाही’ अशा आशयाच्या वाक्यापुढे जागा मोकळी सोडलेली असते. बहुधा तेथे एक ठरावीक वाक्य पडते. त्या जागी प्रयोगाची खरी गरज, तपासून पाहिलेले पर्याय, दुरुस्ती व अंशशोधन कोण आणि कोठे करणार, हे लिहिले जावे आणि ते सार्वजनिक व्हावे. संशोधकाला त्यासाठी फार तर एक दिवस लागेल. माझ्या फाइलवर ती ओळ कोरीच होती आणि खाली सही माझी होती.