भाकरीचा आवाज

चित्रपटाचं शिक्षण घ्यायला पुण्यात आले तेव्हा मला वाटलं होतं, आता आपल्याला बघायला शिकवतील. पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गातले दिवे घालवले, पण पडदा काळाच ठेवला. एका चित्रपटाची दहा मिनिटं नुसती ऐकवली. मग तीच दहा मिनिटं आवाज बंद करून दाखवली. तिसऱ्या वेळी चित्र आणि आवाज एकत्र. दार लोटून कुणीतरी खोलीत आलं, हे मी शपथेवर सांगितलं असतं. पण चित्रात दार नव्हतंच. दार फक्त वाजलं होतं आणि बाकीचं मी पाहून घेतलं होतं.

त्या दिवसापासून आजवरच्या दीड वर्षात माझ्या बऱ्याच समजुती गळून पडल्या. काही शाळेतून आलेल्या होत्या, काही मोबाइलवरच्या व्हिडिओंतून, तर काही आमच्याच वसतिगृहातल्या रात्रीच्या गप्पांतून. आता पहिल्या वर्षाला आलेली मुलंमुली त्याच समजुती घेऊन येताना दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

गैरसमज : चित्र डोळ्यात रेंगाळतं, म्हणून ते हलताना दिसतं

शाळेत सगळ्यांनी पुठ्ठ्याची ती चकती केलेली असते. एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पोपट. दोऱ्याला पीळ देऊन सोडला की पोपट पिंजऱ्यात. प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर सेकंदाचा सोळावा भाग टिकते, याला दृष्टिसातत्य म्हणतात आणि सिनेमा याच तत्त्वावर चालतो, असं उत्तर लिहून मी पैकीच्या पैकी गुण घेतले आहेत.

पण ती चकती पुन्हा नीट आठवून बघा. पोपट पिंजऱ्यात बसला, उडाला नाही. दोन चित्रं एकमेकांवर चढली, एवढंच झालं. सिनेमातही असंच होत असतं तर धावत्या घोड्याच्या प्रतिमा एकीवर एक साचून पडद्यावर नुसता गिचका दिसला असता. डोळ्याचा हा रेंगाळपणा फार तर दोन चित्रांमधला अंधार झाकतो. हालचाल घडवणं त्याला जमत नाही.

हालचाल घडते मेंदूत. माक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञानं 1912 मध्ये यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एक रेषा क्षणभर दाखवायची, मग थोड्या अंतरावर दुसरी. मधला अवधी साधारण 60 मिलिसेकंद असला की बघणाऱ्याला दोन रेषा दिसतच नाहीत. एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसते. मधल्या जागेत कधीच काही नव्हतं, तरी माणूस ते सरकणं पाहतो.

त्याच वर्षी इकडे मुंबईत दादासाहेब फाळके कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावून रोज थोडं थोडं चित्रण करत होते. ती चित्रं सलग दाखवली तेव्हा बी रुजून वेल वर चढताना दिसली. त्या छोट्या पटाच्या जोरावर त्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा करता आला. दोन चित्रांच्या मधलं रोप कुणी पाहिलेलं नव्हतं. ती वेल प्रेक्षकांनी मनात वाढवली.

फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये एक फ्रेम खिडकीसमोर येऊन थांबते, तिच्यावर प्रकाश पडतो, मग झडप आड येते आणि त्या अंधारात पट्टी पुढे ओढली जाते. फ्रेम थांबलेली असतानाही झडप आणखी एकदा, कधी दोनदा, मध्ये येऊन जाते. सेकंदाला 24 वेळा लुकलुकणारा प्रकाश डोळ्याला खुपतो. तोच 48 किंवा 72 वेळा लुकलुकला तर सलग वाटतो. म्हणजे फिल्मच्या जमान्यात तीन तासांचा चित्रपट बघणारा माणूस त्यातला जवळजवळ निम्मा वेळ पूर्ण अंधारात बसलेला असे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नव्हते.

गैरसमज : सेकंदाला 24 फ्रेम ही डोळ्याची गरज आहे

ही गरज कानाची आहे. माझ्या मते सिनेमाच्या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, आणि ती कुणी सांगतच नाही.

मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरवत. वेग सेकंदाला 16 फ्रेमच्या आसपास, पण फिरवणाऱ्याच्या हातानुसार तो कमीजास्त होई. डोळा ते चालवून घेतो. (जुन्या मूकपटांतली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात, ते बहुतेक वेळा नंतरच्या काळात तो पट 24च्या वेगानं चालवल्यामुळे. त्या काळी माणसं काही तशी चालत नव्हती.) मग 1920 च्या दशकाच्या शेवटी चित्राच्या बाजूला ध्वनीची पट्टी आली आणि हात थांबला. वेग जरा हलला की सूर हलतो, आणि सूर हललेला कानाला लगेच कळतो. वेग फार कमी ठेवला तर आवाज दबका येतो, वाढवला तर फिल्म जास्त लागते, म्हणजे खर्च वाढतो. या ओढाताणीतून 24 हा आकडा ठरला. 35 मिलिमीटरच्या फिल्मची मिनिटाला 90 फूट पट्टी.

पण खरी अडचण पुढेच आहे. चित्राला थांबत थांबत जावं लागतं, आवाजाला मात्र न थांबता वाहावं लागतं. एकाच पट्टीनं एकाच वेळी थांबायचं कसं आणि वाहायचं कसं? यावरचा तोडगा असा की चित्र एका जागी दाखवायचं आणि आवाज खाली दुसऱ्या जागी, सुमारे 20 फ्रेम अंतरावर, वाचायचा. या दोन जागांच्या मध्ये पट्टीचा एक सैल वळसा सोडायचा. वरचे हिसके तो वळसा पोटात घेतो आणि खाली पट्टी शांत वाहते.

आमच्या गावच्या जत्रेत तंबू टॉकीज यायची. प्रोजेक्टर ट्रकवरच बसवलेला असायचा. ऑपरेटर काका पट्टी भरताना एका ठिकाणी वळसा बोटानं सारखा करायचे, पुन्हा मोजून बघायचे आणि मगच झाकण लावायचे. सात-आठ वर्षांची मी ट्रकच्या चाकावर उभी राहून ते बघायचे. वळसा चुकला तर ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे होतात, हे मला बारा वर्षांनी वर्गात फळ्यावर आकृती बघताना समजलं. काकांना ते बोटात पाठ होतं.

आणि इतकं जुळवूनही आवाज हवेतून जायचा तो जातोच. तो सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात साधारण 14 मीटर. मोठ्या थिएटरात अगदी मागच्या रांगेत बसणाऱ्याला प्रत्येक शब्द एखादी फ्रेम उशिरा पोचतो. मन ते जुळवून घेतं.

गैरसमज : मूकपट मुके होते

ते मुके असायचे ते डब्यात. पडद्यावर आले की थिएटरात कुणीतरी वाजवत असे. परदेशात पियानो किंवा अख्खा वाद्यवृंद, आपल्याकडे पेटी आणि तबला. पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी कुणी मोठ्यानं वाचून दाखवी, कुणी गोष्ट सांगे. बोलपटानं आवाज आणला असं म्हणण्यापेक्षा, त्यानं हा आवाज सगळीकडे एकसारखा केला आणि वाजवणाऱ्यांची नोकरी गेली, असं म्हटलं पाहिजे.

गैरसमज : शॉटगन माइक म्हणजे आवाजाची दुर्बीण

दुसऱ्या सत्रात संवाद नसलेली दोन मिनिटांची फिल्म करायची होती. मी गावी जाऊन आजीचं भाकरी करणं चित्रित केलं. कॉलेजचा लांब शॉटगन माइक नेला होता. कॅमेऱ्यात लांबची वस्तू जवळ ओढता येते, तसा हा माइक लांबचा आवाज ओढून आणत असेल असं धरून मी तो उंबऱ्यापाशी स्टँडवर लावला आणि चुलीकडे रोखला.

पुण्यात येऊन हेडफोन लावले. पंखा होता. शेजारच्या विहिरीवरची मोटर होती. मागच्या गोठ्यातली गाय होती. भाकरी नव्हती.

हा माइक काहीही जवळ आणत नाही. बाजूनं येणारा आवाज तो कमी घेतो, एवढंच. समोरून आलेलं सगळं तो आत घेतो, आणि बंद खोलीत तर भिंतींवर आपटून परतलेला आवाजही समोरूनच येतो. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. त्यावर उपाय एकच, माइक जवळ नेणं. म्हणून सेटवर बूम, म्हणजे माइक लावलेली लांब काठी, धरणारा माणूस दोन्ही हात डोक्यावर ताणून तासन् तास उभा असतो, फ्रेमच्या कडेपासून वीतभर अंतरावर. त्या कामाला कष्टाचं काम म्हणून कुणी मोजत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि पंखा. आजीच्या स्वयंपाकघरात मी आयुष्यभर वावरले, पण तो पंखा मला कधी ऐकू आला नव्हता. कान निवडून ऐकतो, माइकला निवडता येत नाही. आता कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी पंखा आणि फ्रिज शोधते.

गैरसमज : पडद्यावर जे घडतं, त्याचाच आवाज आपण ऐकतो

भाकरी पुन्हा ऐकवायची तर होतीच. पुन्हा गावी जाणं शक्य नव्हतं. सर म्हणाले, “कर मग फोली.” हे नाव हॉलीवुडमधल्या जॅक फोली यांच्यावरून पडलं आहे. चित्र बघत बघत पावलं, कपड्यांची सळसळ, भांड्यांचे आवाज नव्यानं करायचे. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या, बर्फातल्या पावलांसाठी कापडी पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लोअर.

मी मेसमधून ज्वारीचं पीठ आणून खरी भाकरी थापली. माइक वीतभर अंतरावर. आवाज स्वच्छ आला, पण पडद्यावर तो कुणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता. आजीच्या तळव्याचा आवाज जड आहे आणि तिच्या प्रत्येक थापेनंतर बांगडी किंचित मागून वाजते. शेवटी ओलं फडकं चौघडी घालून परातीत थापलं, आणि बांगड्या वेगळ्या, अर्धा क्षण उशिरा वाजवल्या. खऱ्या भाकरीपेक्षा ते फडकं आजीच्या भाकरीच्या जवळ गेलं. चुलीतल्या काटक्यांचा कडकडाट बिस्किटाच्या पुड्याच्या कागदातून निघाला. ही फसवणूक आहे का, यावर आम्ही मैत्रिणी खूप भांडलो. मला नाही वाटत. मी खोटा आवाज शोधत नव्हते, तिचा आवाज शोधत होते.

उलट्या टोकाचं उदाहरण ‘आलम आरा’चं. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेला हा आपला पहिला बोलपट. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून बरंचसं चित्रण रात्री एक ते चारच्या दरम्यान केलं गेलं. माइक नटांच्या आसपास लपवलेले असायचे. गाणीही तिथल्या तिथे, जशी गायली तशी. गाड्या थांबायची वाट बघत जागून टिपलेला तो आवाज आज कुणालाच ऐकता येत नाही, कारण त्या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही.

आमच्या पुण्यात ‘प्रभात’चा ध्वनिविभाग विष्णुपंत दामले सांभाळत. तेच पुढे फत्तेलालांसोबत 1936 च्या ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक झाले. वर्गात दिग्दर्शन मागणाऱ्यांची रांग लागते आणि ध्वनीकडे दोघं-तिघं वळतात, तेव्हा मला दामले आठवतात.

गैरसमज : शांतता म्हणजे आवाज नसणं

संकलनाच्या टेबलावर सगळे ट्रॅक बंद करून बघा. ती शांतता वाटत नाही, बिघाड वाटतो. म्हणून शूटिंग संपल्यावर सगळ्यांना जागच्या जागी उभं करून मिनिटभर नुसती खोली टिपून घेतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. शेणानं सारवलेल्या घराची मऊ, फरशीच्या घराची टणक.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत सुरू होताच आहे तिथे उभं राहतं. त्या प्रसंगात काय आहे हे मला शब्दांत सांगायला लागलं तर पानं भरतील. दिग्दर्शकानं ते शाळेच्या बाजूनं येणाऱ्या आवाजावर आणि हलायची थांबलेल्या माणसांवर सोडलं आहे.

गैरसमज : सिनेमा ही बघायची गोष्ट आहे

दिवाळीत फिल्म घेऊन घरी गेले. आजीला मोतीबिंदू आहे, लॅपटॉपचा पडदा तिला धूसर दिसतो. म्हणून तिच्या कानांवर हेडफोन चढवले. पहिल्या थापेबरोबर तिनं मान वळवून चुलीकडे पाहिलं. चूल विझलेली होती.

दोन मिनिटं संपली तरी तिनं हेडफोन काढले नाहीत. मग म्हणाली, “तंबूत म्या कदी ग्येले न्हाई. भाईर चुरमुऱ्याचं दुकान मांडून बसायची. पर समदं आयकलंय बग, सात दिसाचं सात पिच्चर.” आणि त्यातल्या एका चित्रपटाचा शेवट तिनं मला सांगितला. नायिका कुठून कशी पळत येते, पायातलं पैंजण कुठे तुटतं, मागून टांगा कसा येतो. तो चित्रपट मी तंबूत बसून पाहिला आहे. पैंजण तुटलेलं मला आठवत नव्हतं.