पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क लावूनही कॉम्प्युटरवर दिसत नाही? 'फॉरमॅट'वर क्लिक करण्याआधी एवढं वाचा

नांदेडमधला लग्नाचे फोटो काढणारा एखादा फोटोग्राफर डोळ्यासमोर आणा. मे महिना, लागोपाठ तिथी. रात्री हळद, सकाळी लग्न. दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरसाठी कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करायची म्हणून त्यानं सगळे फोटो एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकले. आठ दिवसांनी अल्बमच्या कामाला बसला, डिस्क लावली, दिवा लागला, कॉम्प्युटरनं 'टुंग' असा आवाजही केला. पण 'धिस पीसी' उघडलं तर डिस्कचा पत्ताच नाही.

आता लातूरच्या ट्यूशन एरियात या. इथं खोली करून राहणाऱ्या, नीटची तयारी करणाऱ्या एखाद्या मुलीच्या पेनड्राइव्हमध्ये वर्षभराचे व्हिडिओ लेक्चर आणि नोट्स आहेत. परीक्षा महिन्यावर आलीये. पेनड्राइव्ह लावला तर स्क्रीनवर सूचना येते, की ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा.

दोघांचं काम वेगळं, अडचण एकच. आणि अशा वेळी बहुतेक जण जी चूक करतात तीही एकच. ड्राइव्ह पुन्हा चालू करण्याच्या नादात आतला डेटा घालवून बसतात. ड्राइव्ह बाजारात दुसरा मिळतो, लग्नाचे फोटो मिळत नाहीत. म्हणून आधी डेटा, मग ड्राइव्ह, हा क्रम पक्का ठेवा आणि पुढच्या पायऱ्या बघा.

'दिसत नाही' म्हणजे नेमकं काय?

ड्राइव्ह लावल्यापासून फोल्डर उघडेपर्यंत तीन गोष्टी घडतात.

पहिली, ड्राइव्हला यूएसबी पोर्टमधून वीज मिळते. दुसरी, ड्राइव्ह आणि कॉम्प्युटरची ओळख पटते. आपण कोण, किती क्षमतेचे, हे ड्राइव्ह कॉम्प्युटरला सांगतो. तिसरी, कॉम्प्युटर ड्राइव्हवरची फाईल सिस्टिम वाचतो आणि त्याला 'ई', 'एफ' असं एखादं अक्षर देतो. हे अक्षर मिळालं की ड्राइव्ह तुम्हाला दिसतो.

यातल्या कुठल्याही पायरीवर गाडी अडली तरी आपण एकच वाक्य म्हणतो, "दिसत नाही." पण उपाय तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. पहिल्या पायरीवरचा बिघाड कधी कधी केबल बदलून जातो. तिसऱ्या पायरीवर चुकीचं बटण दाबलं तर चालू ड्राइव्हमधला डेटाही जातो.

पहिली पाच मिनिटं: वीज आणि वायर

सगळ्यात आधी केबल बदलून बघा. पोर्टेबल हार्ड डिस्कची केबल सारखी काढून-घालून सैल होते. टाइप-सी केबल असेल तर ती मोबाईलच्या चार्जरची नाही ना, हेही बघा. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. दिवा लागतो, बाकी काही होत नाही.

मग पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट सोडून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. यूएसबी हब मध्ये असेल तर तो काढा. कारण साधं आहे. नियमाप्रमाणे यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलीअँपिअरपर्यंत आणि यूएसबी 3.0 चा 900 मिलीअँपिअरपर्यंत करंट देतो. हार्ड डिस्कला फिरायला सुरुवात करताना जास्त ताकद लागते. जुना पोर्ट, लांब केबल आणि स्वस्त हब एकत्र आले की दिवा लागतो, पण तबकडी नीट फिरत नाही. आणि डेस्कवर ठेवायची मोठी, साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला स्वतःचा अडॅप्टर लागतो. तो लावलाय का, हे तपासा.

तिसरं, ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिकडे दिसला तर दोष तुमच्या कॉम्प्युटरचा आहे आणि डेटा सुखरूप आहे. अशा वेळी स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'डिस्क ड्राइव्ह्ज' किंवा 'युनिव्हर्सल सिरियल बस'च्या यादीत पिवळं चिन्ह असलेलं नाव दिसलं तर ते 'अनइन्स्टॉल' करा, ड्राइव्ह काढा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करून पुन्हा लावा. यानं ड्रायव्हर नव्यानं बसतो, ड्राइव्हमधल्या फाईलला धक्का लागत नाही.

खरी गोष्ट कळते 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये

केबल आणि पोर्ट बदलूनही दिसत नसेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. फाईल एक्सप्लोररमध्ये न दिसणारा ड्राइव्ह इथं अनेकदा दिसतो. इथं लगेच काही दाबायचं नाही, फक्त वाचायचं. क्षमता बघून आपला ड्राइव्ह कुठला ते ओळखा आणि त्याच्यापुढे काय लिहिलंय ते बघा.

'हेल्दी' लिहिलंय, पण पुढे अक्षर नाही: सगळ्यात चांगली बातमी. ड्राइव्ह ठीक आहे, फक्त त्याला अक्षर मिळालेलं नाही. राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मध्ये जा आणि रिकामं अक्षर द्या. लगेच दिसेल.

'ऑफलाइन' लिहिलंय: डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा.

'रॉ' लिहिलंय: ड्राइव्ह आहे, पण फाईल सिस्टिम खराब झालीये. लातूरच्या मुलीला आलेली फॉरमॅटची सूचना बहुतेक वेळा यामुळेच येते. इथं थांबायचं. डेटा हवा असेल तर फॉरमॅट करायचं नाही.

'अनअ‍ॅलोकेटेड' किंवा 'नॉट इनिशिअलाइज्ड' लिहिलंय: नवीन डिस्क असेल तर हे नेहमीचंच आहे. ती इनिशिअलाइज करून फॉरमॅट करावीच लागते. पण कालपर्यंत चालणारी डिस्क असं दाखवत असेल तर हात लावू नका.

'नो मीडिया' लिहिलंय किंवा पेनड्राइव्हची क्षमता शून्य दिसतेय: बहुधा आतली चिप किंवा कंट्रोलर गेलाय. यावर घरगुती सॉफ्टवेअरचा उपाय नाही.

काहीच दिसत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही नाही: बिघाड ड्राइव्हच्या हार्डवेअरमध्ये असण्याची शक्यता जास्त.

एक वेगळी शक्यताही आहे. ड्राइव्ह पूर्ण चांगला असतो, पण भाषा दुसरी बोलत असतो. मॅकवर फॉरमॅट केलेली डिस्क विंडोज स्वतःहून वाचत नाही. एडिटिंगवाल्याकडून आणलेली डिस्क घरी उघडत नसेल तर आधी त्याला फोन करून विचारा, की तुझ्याकडं मॅक आहे का. काही सेट-टॉप बॉक्स आणि सीसीटीव्हीचे रेकॉर्डरही डिस्क आपल्या पद्धतीनं फॉरमॅट करतात. दोन्हीकडे चालणारी डिस्क हवी असेल तर रिकामी असतानाच ती 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करून घ्यावी.

सातबारा फाटला म्हणून शेत जात नाही

फाईल सिस्टिम म्हणजे ड्राइव्हचा सातबारा समजा. कुठली फाईल कुठल्या जागेवर आहे, याची नोंद त्यात असते. सातबारा फाटला तरी शेत जागच्या जागीच असतं. 'रॉ' झालेल्या ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा हेच झालेलं असतं. नोंद बिघडते, फोटो तिथेच असतात.

'क्विक फॉरमॅट' केला की नवा, कोरा सातबारा तयार होतो. साध्या हार्ड डिस्कमध्ये जुनं पीक अजून उभंच असतं, म्हणून चुकून क्विक फॉरमॅट झाला तरी डेटा परत मिळू शकतो. पण त्यावर नव्या फाईल टाकल्या की त्याच शेतात दुसऱ्यानं पेरणी केली म्हणायची. मग जुनं सापडत नाही. 'फुल फॉरमॅट' म्हणजे तर सरळ नांगरच. विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅट करताना संपूर्ण डिस्कवर शून्य लिहिली जातात. एक्स्टर्नल एसएसडीमध्ये आणखी जपावं लागतं. तिथं पुसलेली जागा ड्राइव्ह स्वतःच आतून साफ करू शकतो, त्यामुळे परत मिळण्याची आशा कमी.

'रॉ' झालेल्या पण शांतपणे चालणाऱ्या ड्राइव्हमधून फाईल काढण्यासाठी टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतं, फोटोरेक फाईलच्या ओळखखुणांवरून फोटो, व्हिडिओ, पीडीएफ शोधून काढतं. फोटोरेकमध्ये फाईलची मूळ नावं सहसा मिळत नाहीत, पण फोटो मिळतात. नियम एकच: सापडलेल्या फाईल त्याच ड्राइव्हवर कधीच सेव्ह करायच्या नाहीत, दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यायच्या. फाईल हाती आल्या, उघडून बघितल्या, की मग खुशाल फॉरमॅट करा.

यूट्यूबवर अनेकदा 'चेकडिस्क' चालवायला सांगतात. त्याचं काम फाईल सिस्टिम जुळवणं आहे, तुमचे फोटो वाचवणं नाही. जुळवताना ते तुटक्या नोंदी काढूनही टाकतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन् तास ताण टाकतं. डेटा बाहेर काढल्यावरच ते वापरा.

'टक् टक्' आवाज आला की हात वर

हार्ड डिस्कमधून ठराविक वेळानं 'टक् टक्' किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर लगेच केबल काढा. "एकदा परत लावून बघू" हे इथं सगळ्यात महागात पडतं.

डिस्कमधलं डेटा वाचणारं हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस त्या अंतरापेक्षा हजारो पट जाड असतो. हेड बिघडलं असेल तर प्रत्येक वेळी डिस्क चालू केल्यावर ते तबकडीवर आणखी ओरखडे पाडू शकतं. म्हणूनच डिस्क घरी किंवा साध्या दुकानात उघडायची नसते, धुळीचा एक कणही पुरेसा असतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्लाही विसरा. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

अशी डिस्क उघडायला धूळविरहित क्लीन रूम लागते. त्यासाठी पुणे, मुंबई, हैदराबादसारख्या शहरांतल्या डेटा रिकव्हरी लॅबकडे जावं लागतं. खर्च मोठा असतो आणि यशाची खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून आधी विचार करा, आतलं सामान तेवढं मोलाचं आहे का? असेल तर डिस्क बंद ठेवून थेट लॅब गाठा, मध्ये चार ठिकाणी प्रयोग नकोत.

दुकानात देताना हे बोलून घ्या

बिघाड साधा असेल तर नांदेड-लातूरमधल्या जाणत्या रिपेअरवाल्याकडून काम होऊ शकतं. पण ड्राइव्ह देताना "चालू करून द्या" असं म्हणू नका. त्याचा अर्थ समोरचा "फॉरमॅट करून द्या" असाही घेऊ शकतो. "डेटा हवाय, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका," असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. आत आधार कार्ड, बँकेचे कागद, घरचे फोटो असतील तर परत मिळालेला डेटा दुकानाच्या कॉम्प्युटरवरून पुसायलाही सांगा. वॉरंटीवर डोळे झाकून विसंबू नका. वॉरंटीत सहसा ड्राइव्ह बदलून मिळतो, डेटा नाही.

मराठवाड्यातला ऊन आणि लाइटचा खेळ

अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान 5 ते 35 अंश सेल्सिअस दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे असतो. त्यामुळे उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीतून काढलेली डिस्क लगेच लावू नका, सावलीत थंड होऊ द्या. लांब कॉपी चालू असताना ती गादीवर किंवा उशीवर ठेवू नका.

दुसरा शत्रू म्हणजे अचानक जाणारी लाइट. डेस्कटॉपवर कॉपी चालू असताना वीज गेली की फाईल सिस्टिमची नोंद अर्धवट राहू शकते. मोठी कॉपी यूपीएसवर किंवा चार्ज केलेल्या लॅपटॉपवरच करा. विंडोज 10 च्या 2018 मधल्या अपडेटपासून बाहेरचे ड्राइव्ह पटकन काढता यावेत अशी सेटिंग आधीपासूनच दिलेली असते. तरी 'इजेक्ट' करूनच काढायची सवय ठेवा. कॉपी चालू असताना ओढलेल्या ड्राइव्हला कुठलीच सेटिंग वाचवत नाही.

तिसरी फसवणूक स्वस्ताईची. काहीशे रुपयांत '2 टीबी' म्हणून विकले जाणारे पेनड्राइव्ह बहुधा बनावट असतात. आतली चिप छोटी असते, कॉम्प्युटरला मात्र ती 2 टीबी असल्याचं खोटं सांगते. खरी जागा भरली की पुढच्या फाईल कॉपी झाल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरनं नव्या ड्राइव्हची खरी क्षमता तपासता येते.

तीन, दोन, एक

अमेरिकी फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी बॅकअपचा '3-2-1' नियम लोकप्रिय केला. डेटाच्या 3 प्रती, 2 वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली 1 दुसऱ्या ठिकाणी.

नांदेडच्या फोटोग्राफरसाठी याचा अर्थ असा: फोटो कॉम्प्युटरवर, एक प्रत एक्स्टर्नल डिस्कवर, आणि निवडक फोटो क्लाउडवर किंवा दुसऱ्या डिस्कवर गावाकडच्या घरी. तोपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करायची नाहीत. जास्तीच्या कार्डाला पैसे पडतात, पण नवरीच्या आई-वडिलांना "फोटो गेले" हे सांगण्यापेक्षा ते परवडतं. लातूरच्या मुलीसाठी तर आणखी सोपं आहे. नोट्सच्या पीडीएफ गुगल ड्राइव्हच्या मोफत 15 जीबीमध्ये सहज बसतात.

फक्त पेनड्राइव्हमध्ये आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही, असं तुमच्याकडे काय काय आहे? ड्राइव्ह अजून दिसतोय तोवरच त्याची दुसरी प्रत करून ठेवा.