क्वांटम संगणकाच्या चुका कोण सुधारतो?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, क्वांटम संगणक आला की आम्ही शिकतो ते इलेक्ट्रॉनिक्स मोडीत निघणार ना?” हा मुलगा पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या घरात एवढे शिकणारा तो पहिलाच. त्यामुळे प्रश्न सहज विचारलेला नव्हता. दोन वर्षे वाया गेली की काय, ही धास्ती त्यामागे होती. त्याला मी जे सांगितले तेच येथे मांडतो, कारण ही समजूत मला शिक्षकांतही आढळली आहे.

साध्या संगणकातील बिट शून्य असते किंवा एक. क्युबिट या दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. हेच त्याचे बळ आणि हाच त्याचा दुबळेपणा. अतिवाहक क्युबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या एक-दोन शतांश तापमानात ठेवतात, तरीही तो सेकंदाच्या अगदी लहान अंशात बिघडतो. साध्या संगणकात आपण माहितीच्या प्रती काढून ठेवतो. अज्ञात अवस्थेतील क्युबिटची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झाले. उघडून पाहावे तर ती मिश्र अवस्थाच मोडते. मग चूक ओळखायची कशी?

१९९५ साली पीटर शोर यांनी वाट दाखवली. एका क्युबिटची माहिती त्यांनी नऊ क्युबिटांत विभागून ठेवली. तोंड शिवलेल्या दोन थैल्या तराजूत टाकल्या, तर भार सारखा की वेगळा एवढे कळते. आत काय आहे ते कळत नाही. येथेही तसेच. क्युबिट उघडून न पाहता शेजाऱ्या-शेजाऱ्यांची फक्त तुलना करायची. आज क्युबिट बुद्धिबळाच्या पटासारखे मांडून अशी तुलना पुन्हा पुन्हा केली जाते. उत्तर बदलले की तेथे एक खूण पडते. परंतु तीच खूण वेगवेगळ्या चुकांमुळे पडू शकते. पडलेल्या सर्व खुणांवरून सर्वांत संभाव्य चूक कोणती, हे ठरवावे लागते. त्यासाठी खुणांच्या जोड्या लावण्याची जी रीत वापरतात, तिचा पाया जॅक एडमंड्स यांनी १९६५ साली, क्वांटम संगणकाचे नावही नव्हते तेव्हा, घातला होता.

ध्यानात घ्यायची गोष्ट ही, की हे ठरवण्याचे काम क्वांटम नाही. ते शून्य-एकचा हिशेब करणाऱ्या साध्या प्रोसेसरचे आहे.

आता प्रश्न वेळेचा. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १०१ क्युबिट मिळून माहितीचा एकच भरवशाचा क्युबिट घडवला होता, आणि तुलनेची एक फेरी १.१ मायक्रोसेकंदात होत होती. प्रोसेसरला या गतीने निकाल देता आला नाही तर काय होईल? रेशनच्या दुकानासमोरची रांग आठवा. माणसे मिनिटाला एक येत असतील आणि माल द्यायला सव्वा मिनिट लागत असेल, तर रांग लांबतच जाते. येथे त्याहून वाईट घडते. गणिताच्या काही पायऱ्यांवर पुढचे पाऊल आधीच्या निकालावर अवलंबून असते, म्हणून थांबावे लागते. थांबले तरी क्युबिट बिघडायचे थांबत नाहीत. तुलना चालूच ठेवावी लागते आणि नव्या खुणांचा ढीग साचतो. प्रोसेसर निम्म्या गतीचा असेल तर थांबण्याचा वेळ प्रत्येक अशा पायरीला दुप्पट होतो. दहा पायऱ्यांत तो हजारपट! बार्बरा टेरहाल यांनी २०१५ च्या लेखात या साचण्याची चर्चा केली आहे. गूगलच्याच प्रयोगात, थोड्या लहान पटावर, निकाल सरासरी ६३ मायक्रोसेकंद उशिरा येत होता. पण दहा लाख फेऱ्यांपर्यंत तो उशीर वाढला नाही. उशीर होता, रांग वाढली नाही. महत्त्व याला आहे.

पट मोठा होईल तसे हे काम जड होत जाणार. म्हणून आता त्यासाठी खास हार्डवेअर घडवले जात आहे. एक प्रकार एफपीजीए, म्हणजे कारखान्यातून आल्यावरही आतील जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप. दुसरा, एकाच कामासाठी कायमची घडवलेली चिप. इंग्लंडमधील रिव्हरलेन या कंपनीने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा चिपच्या आराखड्याचे क्षेत्रफळ ०.०६ चौरस मिलिमीटर आहे आणि तिला ८ मिलीवॅट वीज लागते. १०५७ क्युबिटांच्या पटाच्या खुणा ती सेकंदाला दहा लाख फेऱ्यांच्या गतीने सोडवू शकते. ही चाचणी मात्र संगणकावर तयार केलेल्या खुणांवर झाली, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडेही हे दिसते. २०२४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी झाली. क्युबिटांची चिप त्या संस्थेची होती. तिचे नियंत्रण आणि मोजणी करणारी यंत्रणा संरक्षण संशोधन संघटनेच्या पुण्यातील प्रयोगशाळेने जुळवली होती. सहा क्युबिटांवर मोठे चूक-सुधार होत नाही. पण क्युबिटांभोवती साधे इलेक्ट्रॉनिक्स लागतेच, हे तेथेही दिसले.

त्या मुलाला मी नोकरीची हमी दिली नाही. ती माझ्या हातात नाही. एवढेच सांगितले की, तुझ्या अभ्यासक्रमातील लॉजिक गेट, क्लॉक आणि मेमरी यांच्यावाचून हे यंत्र एक गणितही धड पुरे करणार नाही. आणि कोणी क्वांटम संगणकाचा चमत्कार सांगू लागला, तर क्युबिट किती हे विचारून थांबू नकोस. चुका कोण शोधतो आणि किती वेळात, हेही विचार. पुढच्या रविवारी तो एफपीजीएबद्दलचे एक पुस्तक घेऊन आला. आता आम्ही ते मिळून वाचतो आहोत.