डबा जुना, काम नवं

धरणगावातल्या डीटीपीच्या दुकानात कॉम्प्युटरचा डबा उघडला की आधी दिसतो तो कापूस. दिवाळीनंतर जिनिंगची यंत्रं सुरू झाली की रुईची बारीक तूस हवेत तरंगू लागते, दारा-खिडक्यांतून आत येते आणि प्रोसेसरच्या पंख्याखालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांत नमद्यासारखी दाबून बसते. वारा अडतो. मे महिन्यात खान्देशात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि लग्नसराईही त्याच महिन्यात जोरात असते. बाहेरची हवाच ४५ अंशांची, तर पंखा चिपला त्याखाली नेणार कुठून? शंभर अंशांच्या आसपास पोचलेला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपला वेग उतरवतो. काउंटरवर गिऱ्हाईक विचारत असतं, "भाऊ, काम व्हयनं का?" आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत राहतं. अशा वेळी "मशीन म्हातारं झालं" असा निकाल फार लवकर दिला जातो. ब्लोअरने धूळ काढून, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली की यातली बरीच मशीनं पुन्हा कामाला लागतात. अपग्रेडची सुरुवात इथून व्हावी, कारण हिला जवळपास खर्च नाही.

खान्देशातल्या तालुक्याच्या गावांत गेल्या पंचवीस वर्षांत डेस्कटॉप क्वचितच अख्खा बदलला गेला. त्याचे भाग बदलत गेले, आणि कोणता भाग कधी बदलायचा हे गावात आलेल्या कामाने ठरवलं.

त्याआधी छपाई होती ती खिळ्यांची. कंपोझिटर एकेक अक्षर जुळवी, ट्रेडल मशीन पायाने चाले. डीटीपीची बीजं दूर पेरली गेली होती. पेजमेकर १९८५चं, कोरल ड्रॉची पहिली आवृत्ती जानेवारी १९८९ची. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं आणि भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर उतरवण्याचं काम तिथे झालं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीने महाराष्ट्रातल्या छापखान्यांत घर केलं. नव्वदीच्या शेवटी हे सगळं तालुक्याच्या गावांपर्यंत झिरपलं. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात श्री-लिपीचं कुलूप, म्हणजे डोंगल, खोचलेलं असे. ते काढलं की मराठी टायपिंग बंद. समोर पंधरा इंची काचेचा मॉनिटर, आत पेंटियम आणि ३२ किंवा ६४ एमबी रॅम. तेवढ्यावर काम निभायचं, कारण काम हलकं होतं. एका रंगाची लग्नपत्रिका, पावतीपुस्तक, शाळेचं प्रगतिपुस्तक: नुसती अक्षरं आणि रेषा. लेझर प्रिंटरवर बटर पेपर काढायचा, त्यावरून स्क्रीन बनवायची, छापायचं. पुढे एमकेसीएलने एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि माउस धरायला न घाबरणारी एक अख्खी पिढी गावोगाव तयार झाली. तिच्यातलेच काही जण पुढे डिझायनर म्हणून या खुर्च्यांवर बसले.

मग फोटो आला आणि सगळं गणित बदललं. २००२ साली फोटोशॉप ७ आलं, डिजिटल कॅमेरे स्वस्त होत गेले आणि त्यापाठोपाठ फ्लेक्स आला. हाताने रंगवलेले कापडी फलक काही वर्षांत चौकांतून दिसेनासे झाले. त्यांच्या जागी वाढदिवस, निवड, जयंती, पुण्यतिथी यांचे माणसाहून मोठे चेहरे आले. हे चेहरे डब्याला किती जड होते, ते आकड्यात पाहण्यासारखं आहे. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स, इंचाला ७२ ठिपके धरले, तर रुंदीत ८,६४० आणि लांबीत १७,२८० ठिपके होतात. एकूण सुमारे १५ कोटी. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. म्हणजे नुसता एक थर जवळपास ६०० एमबीचा! दुकानातल्या पेंटियम ४ मध्ये रॅम असे २५६ किंवा ५१२ एमबी. चित्र रॅममध्ये मावत नसे, म्हणून फोटोशॉप हार्ड डिस्कवर सांडत असे, आणि फिरत्या तबकडीवर डोकं इकडून तिकडे पळवत एकेक तुकडा शोधत बसे. एक ब्लर लावायचा आणि चहा पिऊन यायचं.

यावर कारागिरांनी तोड काढली. फुटाला एक इंच हे माप धरायचं. दहा बाय वीस फुटांचा फलक दहा बाय वीस इंचांवर, ३०० ठिपक्यांनी बनवायचा. फाइल उतरते ७२ एमबीवर. छापताना ती बारापट मोठी होते आणि इंचाला पंचवीसच ठिपके उरतात, पण चौकातल्या खांबावर टांगलेला फलक कुणी नाक लावून पाहत नाही. शाळा-कॉलेजात न शिकता, हातातल्या मशीनची कुवत ओळखून काढलेली ही युक्ती खऱ्या अर्थाने अभियांत्रिकी आहे, आणि तिची नोंद कुठे होत नाही.

त्या काळात अपग्रेड म्हणजे रॅम टाकणं. जळगावच्या गोलाणी मार्केटातून रॅमची पट्टी आणायची, जुनीच्या शेजारी खोचायची. ग्राफिक कार्डाचा प्रश्न अनेकांच्या बाबतीत उठतच नसे, कारण स्वस्तातल्या ८४५ जीव्ही चिपसेटच्या बोर्डांवर एजीपीचं कार्ड लावायला जागाच नव्हती. पुढे २००४मध्ये पीसीआय एक्सप्रेस आलं आणि ती खाच आजतागायत टिकली आहे. भारनियमनाची वर्षं याच सुमाराची. दिवसाचे कित्येक तास वीज नाही, यूपीएसची बॅटरी बसलेली, आणि सेव्ह होता होता फाइल गेलेली. कोणत्या भागावर आधी पैसे घालायचे, याचं उत्तर तेव्हा अनेकांनी बॅटरी आणि इन्व्हर्टर असंच दिलं. बरोबरच दिलं.

लग्नाच्या अल्बमने पुढची भिंत दाखवली. बारा बाय छत्तीस इंचांचं एक पान ३०० ठिपक्यांनी, फोटोच्या तीन रंगांत काढलं की थर सुमारे ११७ एमबीचा. नवरा-नवरी, फुलं, मागचं तळं, सोनेरी चौकट असे बारा थर चढले की दीड जीबीच्या घरात. ३२ बिटांच्या विंडोजला चार जीबीपलीकडची रॅम वापरता येत नव्हती, प्रत्यक्षात हाती सव्वातीनच पडे. फोटोशॉप विंडोजवर २००८मध्ये ६४ बिटांचं झालं, कोरल ड्रॉ २०१२मध्ये. त्याच काळात विंडोज ७ आणि इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय-३, आय-५ गावात पोचले. एच-६१ चिपसेटचा बोर्ड, रॅमच्या दोन खाचा, १६ जीबीपर्यंत मजल. छपाईच्या कामापुरता हा डबा इतका पुरेसा होता की आजही तो अनेक दुकानांत चालू आहे.

तो अडला व्हिडिओवर. खान्देशाच्या शेजारी मालेगावात नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास 'मालेगाव के शोले' हा सिनेमा जुळवला तो व्हीसीआर जोडून. काही वर्षांनी 'मालेगाव का सुपरमॅन' करताना हिरव्या कापडापुढे नायकाला आडवं धरून कॉम्प्युटरवर आकाशात उडवलं. ती धडपड २००८च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात पाहायला मिळते. यंत्रमागाच्या गावात, साध्या डेस्कटॉपवर झालेलं हे काम हौशी म्हणून बाजूला सारण्यासारखं नाही. त्यानंतर अहिराणी गाण्यांची लाट आली. 'हाई झुमका वाली पोर'सारखी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली, आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडेही लोक तसलेच रंग, तसलेच इफेक्ट मागू लागले. फोर-के व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये ८३ लाख ठिपके, सेकंदाला पंचवीस फ्रेम. इतकी एकसारखी, समांतर आकडेमोड प्रोसेसरचे चार कोअर ओढू शकत नाहीत. त्यासाठी शेकडो-हजारो लहान कोअर असलेलं ग्राफिक कार्ड लागतं. ब्लेंडरमध्ये थ्री-डी मंदिर उभारायचं असो किंवा रात्रीच्या हळदीच्या फोटोतला दाणेदारपणा एआयने काढायचा असो, भार कार्डावरच पडतो. अडोबीने ही एआयची सफाई एप्रिल २०२३मध्ये आणली. बऱ्या कार्डावर एक फोटो काही सेकंदांत निघतो, कार्डच नसेल तर तोच मिनिटं खातो.

नेमकं कार्ड हवं झालं तेव्हाच ते मिळेनासं झालं. २०२० ते २०२२ या काळात चिपांची टंचाई होती, त्यात इथेरियमचं आभासी नाणं खणणाऱ्यांनी जगभरची कार्डं उचलली. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने खाणकामाची पद्धतच बंद केली आणि भाव खाली आले. खाणीत राबलेली जुनी कार्डंही बाजारात आली, ती पारखून घ्यावी लागली.

या उठाठेवीत एक स्वस्त गोष्ट मात्र भाव खाऊन गेली: एसएसडी. साटा ३ जोडणीवर ती सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, एच-६१सारख्या जुन्या बोर्डांवर साधारण त्याच्या निम्मं; हार्ड डिस्क शंभर-दीडशे. आणि विखुरलेले तुकडे गोळा करण्यात तर दोघींची तुलनाच होत नाही. दहा वर्षांच्या डब्यात ग्राफिक कार्डाआधी एसएसडी आणि मग रॅम, हा क्रम चुकू नये. जो दिवसभर फक्त कोरलवर पत्रिका करतो त्याने कार्डावर पैसे घालू नयेत. कोरलचा बहुतेक भार प्रोसेसरवर असतो, कार्ड नुसतं शोभेला राहील.

ज्याला कार्ड खरंच हवं आहे, त्याने डब्याची बाजूची पाटी उघडून आधी एसएमपीएसवरचं लेबल वाचावं. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं. त्याखालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात समजा १४ अँपिअर असेल, तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांची भूक याच १२ व्होल्टवर भागते. बोर्डावरची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्यामुळे २०१४चं ६० वॅटचं जीटीएक्स ७५० टीआय, २०१६चं १०५० टीआय, २०१९चं १६५० ही ७५ वॅटच्या आतली कार्डं जुन्या डब्यांत बिनबोभाट बसली. ज्या मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही तेवढीच घ्यायची, एवढं पथ्य. १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० त्या एसएमपीएसवर लावणं म्हणजे धोका विकत घेणं. शिवाय काही जुन्या बोर्डांचा बायोस नव्या कार्डाला ओळखत नाही आणि पडदा काळाच राहतो. म्हणून दुकानदाराकडून आधी लावून पाहावं, पैसे मग मोजावेत.

याच्याही पुढे एक रेघ आहे आणि ती बोर्डावर आहे. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला निरोप दिला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. प्रीमियरच्या अलीकडच्या आवृत्त्या सहाव्या पिढीखाली नको म्हणतात. रोज व्हिडिओ करणाऱ्याने तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर आता एक रुपयाही घालू नये. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदम बदलावेत, कॅबिनेट आणि एसएसडी तीच ठेवावी. फक्त छपाई करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा धडधाकट डबा इंटरनेटपासून तोडून आणखी काही वर्षं खुशाल चालवावा. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव चढले, त्यामुळे हातातली चांगली पट्टी मोडीत काढणं तर आणखीच महाग पडेल.

पण या सगळ्या मागोव्यात सर्वांत नाजूक वस्तू कार्डही नाही आणि रॅमही नाही. ती आहे जुन्या हार्ड डिस्कवरचा मजकूर. पंचवीस वर्षांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, गौरवग्रंथ, स्थानिक कवींचे संग्रह पेजमेकर आणि कोरलच्या फायलींत, श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये पडून आहेत. फॉन्ट नसला की तोच मराठी मजकूर रोमन अक्षरांचा चुरा होऊन दिसतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, तिला युनिकोड कधी कळलंच नाही. तिच्या फायली उघडणारं शेवटचं इनडिझाइन २०१२चं सीएस ६. त्यानंतरच्या आवृत्त्यांनी तो दरवाजा बंद केला. नव्या मशीनवरही सगळं आपोआप ठीक होत नाही. १८९० साली याच धरणगावात जन्मलेल्या बालकवींचं पूर्ण नाव, त्र्यंबक बापूजी ठोमरे, फोटोशॉपमध्ये युनिकोडने टाइप करावं; मजकुराच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांना चालणारं ले-आउट निवडलेलं नसेल तर पहिलंच जोडाक्षर फुटतं.

त्यामुळे डीटीपीच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला एक विनंती. जुना डबा भंगारवाल्याला देण्याआधी, तो चालू आहे आणि कुलूप शाबूत आहे तोवर, त्यातल्या गावाच्या कामाच्या फायली निवडा. प्रत्येकीची पीडीएफ काढा, मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये उतरवा, एक प्रत ज्या शाळेचं किंवा मंडळाचं ते काम होतं त्यांना द्या. डबा चालू होत नसेल तरी हार्ड डिस्क फेकू नका. आयडीई ते यूएसबी जोडणारी वायर थोडक्या पैशांत मिळते, आणि डिस्क फिरत असेल तर फायली अजून निघतात.