जस्ताचा हिशेब

सावनेर तालुक्यातील खापा परिसरात जमिनीच्या पोटात मँगनीज आहे आणि जवळच्या गुमगाव खाणीतून ते काढलेही जाते. तरीही याच पट्ट्यातील संत्राबागांची माती जस्त आणि मँगनीज यांच्या कमतरतेसाठी तपासावी लागते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ही द्रव्ये असली तरी मुळांना घेता येतील अशा रूपात राहत नाहीत, आणि मग नवी पालवी बारीक निघते, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो.

प्रयोगशाळेत वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती डीटीपीए या द्रावणात दोन तास हलवून गाळतात. खरे काम त्यानंतर, तेथे ज्याला सगळे नुसते ‘एएएस’ म्हणतात त्या अणुशोषण यंत्रावर होते. यंत्राच्या ज्योतीचे इंधन असलेल्या ॲसिटिलीन वायूला लसणासारखा उग्र दर्प असतो. तो जरासा जरी आला, तरी यंत्रावरचा सहायक आधी सिलिंडरचे जोड तपासतो आणि मगच ज्योत पेटवतो. त्याचे सगळे लक्ष एका आकड्याकडे असते: “पॉइंट सहाच्या खाली आलं की कमतरता.” एक किलो मातीत 0.6 मिलिग्रॅम उपलब्ध जस्त, ही ती सीमारेषा.

ज्योतीच्या अलीकडे जस्ताचाच दिवा 213.9 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश सोडतो. ज्योतीत फवारलेल्या द्रावणातील जस्ताचे अणू त्यातला काही शोषून घेतात आणि उरलेला प्रकाश बंद पेटीतील निर्वात प्रकाशगुणक नळीवर पडतो. नळीतील प्रकाश-कॅथोडवर, म्हणजे सीझियमसारख्या धातूच्या संयुगाच्या पातळ लेपावर, प्रकाश पडताच त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. 1888 मध्ये हालवाख्स या जर्मन शास्त्रज्ञाने ऋणभारित पत्र्यावर अतिनील प्रकाश टाकून त्याचा भार उतरताना पाहिला, तो पत्राही जस्ताचाच होता, हा योगायोग मोठा गमतीचा. प्रकाश प्रखर केल्याने इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, पण प्रत्येकाची कमाल ऊर्जा वाढत नाही, हे लेनार्डने 1902 मध्ये दाखवले. प्रकाशाची ऊर्जा ठरावीक पुंजांनी मिळते आणि एका पुंजाची ऊर्जा इलेक्ट्रॉनला धातूतून सोडवण्यास पुरेशी नसेल तर कितीही झगझगीत उजेड व्यर्थ, असा उलगडा आइन्स्टाइनने 1905 मध्ये केला.

सुटलेला इलेक्ट्रॉन पुढच्या पट्टीवर, म्हणजे डायनोडवर, आपटून आणखी काही इलेक्ट्रॉन सोडवतो; एकाचे पाच झाले आणि अशा नऊ पट्ट्या असल्या, तर अखेरीस जवळजवळ वीस लाख इलेक्ट्रॉन होतात. मात्र जस्त जितके अधिक तितका नळीपर्यंत पोचणारा प्रकाश कमी, म्हणजे मातीतले जस्त येथे मोजले जाते ते न सुटलेल्या इलेक्ट्रॉनांवरून.

इतक्या सूक्ष्म हिशेबानंतर पडद्यावर 0.6 उमटले की ते ब्रह्मवाक्य वाटते; परंतु संपूर्ण बागेची परीक्षा त्या 10 ग्रॅमवरच झालेली असते, आणि यंत्रापेक्षा सहायकाची चौकशी अधिक मोलाची ठरते, कारण प्रत्येक पिशवी घेताना तो विचारतो की माती कशात गोळा केली. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीतून आलेला नमुना 0.6 सहज ओलांडू शकतो आणि उपाशी बाग कागदोपत्री सुदृढ ठरते. म्हणून बागायतदारांनी सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी माती लाकडी किंवा प्लास्टिकच्या साधनानेच काढावी आणि स्वच्छ प्लास्टिकच्या घमेल्यातच मिसळावी.