दातांवरची बुळबुळ

झाशीला गेलात की किल्ला बघालच, पण लक्ष्मी तालाकडेही चक्कर मारा. झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर १८५३ साली वारले. त्यांची छत्री (पावसातली नव्हे हं, समाधीवरची!) राणी लक्ष्मीबाईंनी या तळ्याकाठीच बांधवून घेतली.

काठाच्या पाण्यात बुडालेले दगड दिसतील. कसे बुळबुळीत दिसतात ना? हात मात्र लावू नका, कारण या तळ्याने शहराचं सांडपाणी फार सोसलंय. त्यापेक्षा घरी न्हाणीघरातली बरेच दिवस न घासलेली बादली घ्या आणि आतून बोट फिरवा. तीच बुळबुळ! तांब्याभर पाणी ओतून ती जाते का बघा. छे! काथ्याने घासली तरच निघते. जिवाणू ओल्या जागी चिकटतात, अंगातून चिकट रस सोडतात आणि त्याच रसात घर करून राहतात. वरून पाणी गेलं तरी आत ते मजेत.

आता उद्या उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी, दातांवरून जीभ फिरवा. लागलं ना काहीतरी खरबरीत, चिकट? तेही असंच घर. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक रोज मिठाने दात घासायचा. तरी १६८३ साली त्याने दातांमधला पांढरा थर आपल्या भिंगाखाली धरला, तर आत इवलेइवले जीव वळवळताना दिसले!

हे जीव आपल्या तोंडातली साखर खातात आणि आम्ल बनवतात. आम्लाने दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. आपण 'कीड लागली' म्हणतो, पण आत अळीबिळी काही नसते. झोपेत लाळ कमी सुटते, आम्ल धुऊन न्यायला कुणी नसतं, म्हणून रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. गोळी चघळत झोपणं तर नकोच नको.

नुसत्या चुळा भरून का भागत नाही, ते बादलीने सांगितलंच. कडुनिंबाच्या काडीचं दातूनही चावून चावून कुंचल्यासारखं झालं की मगच कामाला येतं. मात्र पेस्टमधलं फ्लोराइड कवच पक्कं करतं, ते काडीत मिळत नाही. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. दोन मिनिटं घासा, फेस थुंकून टाका आणि लगेच खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइडला थोडा वेळ दातांवर राहू द्या. (आजीला हे पटणार नाही. तिला हा लेख वाचून दाखवा.)

आणि एक गंमत. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं कुणाला कळतही नाही. पण ती कायमची! तिच्या खाचांमध्ये बिस्किटाचा लगदा हमखास अडकतो आणि ब्रश तिथवर पोचायचा कंटाळा करतो. आरशासमोर मोठ्ठा 'आ' करा आणि मोजा, तुमच्या तोंडात अशा किती आल्यात?